शोधणारी नजर आणि उलगडणारे डोके



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, कीड आणि रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. तो आहे एका खेळाचा, आणि तोही संगणकाच्या पडद्यावर खेळायच्या खेळाचा. शेतीच्या पानावर खेळ कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, सुटीत घरी आलेली मुले पडद्यासमोर बसून नेमके काय करतात, त्यात त्यांचे भले किती आणि नुकसान किती, हा प्रश्न आता घरोघरच्या मायबापांना पडलेला आहे. दुसरे असे की, हा खेळ खेळलेल्या लोकांनी त्याबद्दल जी मते दिली, त्यांतले एक मत थेट आपल्या कपाशीच्या वावराला लागू पडते. ते कोणते, ते ओघाने येईलच.

जुनाच खेळ, नवे रूप

चित्रात लपलेली वस्तू शोधणे हे आपल्याला नवे नाही. 'या जंगलात पाच प्राणी लपले आहेत, ते शोधा' किंवा 'या दोन चित्रांतील फरक ओळखा' अशी कोडी मुलांच्या मासिकांत आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत वर्षानुवर्षे येत आली आहेत. एकच अंक साऱ्या घरात फिरे. ज्याच्या हाती तो आधी लागे, तो पेन्सिलीने खुणा करून ठेवी, आणि मग भावंडांत भांडणे लागत. इंग्लंडमध्ये मार्टिन हँडफर्ड या चित्रकाराने १९८७ साली गर्दीच्या चित्रांत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला वॉली नावाचा एक गडी लपवला. त्याला शोधण्याचे वेड पुढे जगभर पसरले.

गुप्तहेरांचे वेडही आपल्याकडे कमी नव्हते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड यांच्या कथा मांडीवर घेऊन एस. टी.ची वाट पाहणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. गाडी आली तरी चोर सापडेपर्यंत पुस्तक मिटायचे नाही, अशी त्या वाचकांची तऱ्हा.

या दोन आवडी, म्हणजे लपलेले शोधणे आणि गुन्ह्याचा तपास करणे, संगणकाने एकत्र आणल्या. अमेरिकेतील बिग फिश गेम्स या कंपनीने २००५ साली 'मिस्टरी केस फाइल्स' या मालिकेतला 'हंट्सव्हिल' हा पहिला खेळ काढला. पॅरिसच्या प्रिटी सिंपल या कंपनीचा 'क्रिमिनल केस' २०१२ साली फेसबुकवर आला आणि इतका चालला की २०१३ साली फेसबुकने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ ठरवले. बर्लिनच्या वूगा कंपनीने २०१७ साली 'जून्स जर्नी' आणला. त्यातली बाई शंभर वर्षांपूर्वीच्या काळात आपल्या बहिणीच्या मृत्यूचा शोध घेते. आपल्याकडच्या मोबाइलांवर यांतले काही खेळ तुम्ही पाहिलेही असतील.

आज ज्या खेळाविषयी मुख्यतः सांगायचे आहे, तो या सगळ्यांच्या पुढचा. त्याचे नाव 'क्राइम ओ'क्लॉक'. मराठीत त्याला 'गुन्हा वाजले किती' असे काहीसे म्हणता येईल. इटलीतील बॅड सीड या मंडळींनी तो बनवला आणि २०२३ साली तो बाजारात आला. जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या आमच्या नशिराबादेत तो आला, तो पुण्याला शिकणाऱ्या एका मुलाच्या पाठीवरच्या पिशवीतून. दिवाळीच्या सुटीत त्याने आपला छोटा संगणक घरी आणला, आणि त्या घरच्या तीन पिढ्यांनी तो खेळून पाहिला. त्यांची मते मी मुद्दाम विचारून घेतली.

खेळ आहे तरी कसा?

पडद्यावर एक भलेमोठे चित्र उघडते. काळ्या-पांढऱ्या रेघांनी काढलेले गजबजलेले शहर. रस्ते, दुकाने, घरे, गाड्या आणि त्यांत मुंग्यांसारखी शेकडो माणसे. कोणी भांडतो आहे, कोणी खातो आहे, कोणी खांबाआड दबा धरून उभा आहे. या गर्दीत एक गुन्हा घडलेला असतो. खेळणारा हा काळाचा गुप्तहेर. त्याच्या मदतीला ईव्ह नावाची यंत्रबुद्धी असते. तिचे म्हणणे असे की, हा गुन्हा खरे तर घडायलाच नको होता. कोणीतरी काळाच्या प्रवाहात ढवळाढवळ केली आहे, तो तपास करून काळ पुन्हा मूळ वाटेवर आणायचा.

आता त्यातली खरी गंमत. त्या चित्राचा काळ पुढे-मागे सरकवता येतो. एका क्षणी चौकात एक माणूस मरून पडलेला दिसतो. काळ एक पाऊल मागे घेतला की तोच माणूस दुकानाच्या दारात जिवंत उभा. आणखी एक पाऊल मागे घेतले की त्याच्या मागे लांब झग्यातला कोणी दबकत चालला आहे. त्या झगेवाल्याला धरून मागे मागे जात राहायचे. तो कुठून आला, कोणाला भेटला, हातातली वस्तू त्याने कोठे टाकली, हे सारे त्या एकाच चित्रात निरनिराळ्या क्षणी शोधायचे. असे निरनिराळे युग असलेले निरनिराळे नकाशे यात आहेत.

हाच विचार कागदावर आधी येऊन गेला आहे. जर्मनीत योहानेस झिश यांनी तयार केलेला 'मायक्रोमॅक्रो: क्राइम सिटी' हा खेळ २०२० साली निघाला आणि २०२१ साली त्याला जर्मनीचा वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. त्यात ७५ सेंटिमीटर रुंद व ११० सेंटिमीटर लांब असा शहराचा एकच नकाशा, एक भिंग आणि सोळा प्रकरणे. तीच माणसे त्या नकाशावर ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा काढलेली असतात, म्हणजे त्यांचा मागचा-पुढचा प्रवास डोळ्यांनी जोडता येतो. वीज नको, मोबाइल नको, सतरंजीवर कागद पसरला की झाले.

खेळणाऱ्यांचे म्हणणे

त्या घरातल्या थोरल्या जिजींचे वय सत्तरीपुढचे. इंग्रजी अक्षर त्यांना येत नाही. पण पडद्यावरचा चोर सगळ्यांत आधी त्यांनाच दिसायचा. नातू काळाची फीत मागे-पुढे करीत असतानाच त्या बोट लावून मोकळ्या व्हायच्या. यात नवल काही नाही. ज्या डोळ्यांनी जन्मभर सुपातल्या डाळीतून खडा वेचला, त्यांना झगेवाला वेचायला किती वेळ लागणार? खेळाबद्दल त्यांचे मत चांगले पडले. चित्र पाहायला हवा तेवढा वेळ घेता येतो, कोणी मागे काठी घेऊन लागत नाही, ही गोष्ट त्यांना आवडली.

सूनबाईंना आवडली ती निराळीच बाजू. चोराचा तपास राहिला बाजूला, त्या गर्दीतल्या बाकीच्या माणसांच्याही छोट्या छोट्या गोष्टी तिथे चाललेल्या असतात. एकाचे पाळीव जनावर पळाले, दोघांचे जमले, एकीची पिशवी पडली. काळ पुढे नेला की त्यांचे पुढे काय झाले ते कळते. त्या म्हणाल्या की, आपल्या आळीत ओट्यावर बसून जे दिसते तेच इथे दिसते, फक्त इथे पाहिल्याबद्दल कोणी नावे ठेवत नाही!

घरधन्याचे, म्हणजे नानांचे मत उणे पडले. चित्रे फार बारीक, चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतात. आणि संभाषण पुष्कळ, तेही इंग्रजीत. मराठी त्यात नाही. प्रत्येक वाक्याला मुलाने अर्थ सांगायचा आणि मग पुढे जायचे, म्हणजे नांगराला दर तासाला थांबवून फाळ बदलण्यासारखे. नानांची तक्रार रास्त आहे. चित्राला भाषा लागत नाही, पण या खेळाने चित्रावर भाषेचे ओझे फार ठेवले आहे.

सर्वांत मोलाचे मत मिळाले ते आठवीतल्या धाकट्याकडून. तो म्हणाला, "ही ईव्ह मला काही विचारतच नाही, नुसती सांगतच सुटते." त्याचे म्हणणे असे की, आता या माणसाला शोध, आता त्याच्या मागे जा, आता ती पेटी शोध, असे एकामागून एक हुकूम येतात. आपण शोधतो. मग चोर कोण आणि त्याने चोरी का केली, हे तीच सांगून टाकते. आपल्याला तर्क करायला जागाच उरत नाही. आपण गुप्तहेर नाही, गुप्तहेराचा हरकाम्या.

पुण्याच्या थोरल्याने खेळाची बाजू घेतली. दिवसभर अभ्यास करून थकलेल्या माणसाला डोके शिणवायचे नसते, त्याला नुसते शोधण्यात विसावा मिळतो, आणि धागा सुटू नये म्हणून ईव्ह हात धरते, असे तो म्हणाला. यावर दोघा भावांची चांगलीच जुंपली. पण गंमत पाहा. देशोदेशीच्या खेळणाऱ्यांचे आणि परीक्षकांचे म्हणणे बरेचसे याच दोन बाजूंनी विभागले गेले आहे. रेखाटनाची आणि बारकाव्यांची तारीफ बहुतेकांनी केली. आणि नाराजी मुख्यतः एकाच गोष्टीची झाली: खेळ हात फार धरतो, नजरेला काम देतो पण बुद्धीला देत नाही. आमच्या आठवीतल्या मुलाने तेच सांगितले.

पाहणे वेगळे, उलगडा वेगळा

आता मी जे म्हणालो होतो ते. हे मत आपल्या वावराला कसे लागू पडते, ते पाहा.

कपाशीची पाने लाल पडली. हा झाला गुन्हा. आपण दोन लालसर पाने खिशात घालून दुकानावर जातो. दुकानदार पाहतो न पाहतो तोच दोन बाटल्या पुढे करतो. आपण पैसे मोजतो, फवारून मोकळे होतो. हे अगदी त्या ईव्हसारखे झाले. शोधले आपण, उलगडा केला दुसऱ्याने, आणि तो बरोबर की चूक हे पडताळायला आपल्यापाशी काहीच नाही.

खरे म्हणजे 'लाल्या' हे एका चोराचे नाव नव्हे. खालची जुनी पाने आधी लाल होत असतील, शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल पडत असेल, तर संशय मॅग्नेशियमच्या कमतरतेवर घ्यावा. पानांच्या कडा आधी पिवळ्या पडून खाली मुडपल्या असतील आणि मग लालसर होत असतील, तर पान उलटून पाहावे. तिथे तिरपे चालणारे हिरवट तुडतुडे सापडले तर चोर तो. पहिल्या चोरासाठी तुडतुड्यांचे औषध फवारले तर पैसा पाण्यात जातो, आणि दुसऱ्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट फवारले तरी तेच. लाल पान दोन्हीकडे दिसते. फरक आहे तो सुरुवात कोठून झाली यात.

आणि इथेच काळ मागे नेण्याची गरज पडते. कपाशीच्या आकस्मिक मर या विकृतीचे उदाहरण घ्या. काल डौलात उभी असलेली झाडे आज एकाएकी माना टाकतात. मूळ उपटून पाहावे तर कुजलेले नाही, खोड चिरून पाहावे तर आत बुरशीचा काळेपणा नाही. आजच्या चित्रात चोर सापडतच नाही, कारण तो आज नाहीच. पावसाची लांब उघडीप पडून ऊन तापलेले असावे, जमीन तहानलेली असावी, आणि मग एकदम जोराचा पाऊस पडून किंवा भरपूर पाणी देऊन वावरात पाणी साचावे. त्यानंतर एक-दोन दिवसांत हा प्रकार दिसतो. म्हणजे तपास करायचा तर परवाच्या आणि त्याआधीच्या पंधरवड्याच्या चित्रात जायला हवे. मग कळते की पहिले काम बाटली आणण्याचे नाही, साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवण्याचे आहे.

बोंडअळीचे तर काय सांगावे! २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कपाशीचे काय केले, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. अंड्यातून निघालेली बारीक अळी बोंडात शिरते आणि तिचे शिरण्याचे भोक बुजून जाते. वरून बोंड हिरवेगार. 'लपलेली वस्तू शोधा' या खेळात याहून अवघड कोडे कोणी घातले नसेल. पण तिचेही माग असतात. फुले पूर्ण न उमलता पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखी दिसू लागली, की ती डोमकळी. आत अळी आहे असे समजावे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, की धोक्याची घंटा. आणि एकरातून निरनिराळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडून ती फोडून पाहावीत. त्यांत दोन किंवा अधिक बोंडांत अळी अगर तिचे नुकसान दिसले, तर उपाय करण्याची वेळ आली. हे झाले पुराव्याने चालणे. नाहीतर आपली गत काखेत कळसा नि गावाला वळसा अशी होते.

काळ मागे नेण्याचे यंत्र

जे घडले ते तसे घडले नसते तर काय झाले असते, हा विचार मराठी वाचकाला परका नाही. डॉ. जयंत नारळीकर, जे २०२५ च्या मे महिन्यात आपल्यातून गेले, त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. इतिहासाचे एक प्राध्यापक अशा दुनियेत जाऊन पोहोचतात जिथे विश्वासरावाला गोळी लागलीच नाही आणि १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली. एका क्षणाने काळाची वाट कशी वळते, हे त्या कथेत मोठ्या खुबीने दाखवले आहे. 'क्राइम ओ'क्लॉक' मध्येही मूळ कल्पना अशीच आहे की, एक क्षण बिघडला की पुढचे सारे बिघडते, आणि तो क्षण सापडला की दुरुस्त करता येते.

खेळात ते जमते. शेतात मात्र गेलेला दिवस परत येत नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणून बसावे लागते. मागे जाऊन चूक दुरुस्त करता येत नाही हे खरे, पण मागे जाऊन चूक पाहता येते, आणि त्यासाठी लागणारे यंत्र तीस-चाळीस रुपयांत मिळते. ते म्हणजे वही. पेरणी कोणत्या तारखेला केली, वाण कोणता, पाऊस केव्हा आणि किती पडला, उघडीप किती दिवस होती, पाणी केव्हा दिले, खत केव्हा आणि किती टाकले, कोणते औषध कोणत्या दिवशी फवारले, पहिले लाल पान कोणत्या कोपऱ्यात दिसले. रोज दोन ओळी. ही वही म्हणजे त्या खेळातली काळाची फीत. ती हाती असेल तर कोणीही सल्ला दिला तरी आपण त्याला विचारू शकतो, "भाऊ, तुम्ही म्हणता ते खरे, पण पाऊस तर अमुक तारखेला पडला, मग याचा मेळ कसा बसतो?" असा प्रश्न ज्याला विचारता येतो तो शेतकरी कोणाचा हरकाम्या राहत नाही. आणि सल्ला देणारा भला असेल तर त्यालाही असा प्रश्न हवाच असतो.

वही ठेवण्याचे काम घरातल्या मुलांकडे द्यावे. जे पोर चोराच्या पावलांवर तासभर मागे-पुढे जाऊ शकते, त्याला पावसाच्या तारखा जड नाहीत.

पैशाची बाजू

आता मायबापांना काळजी असते त्या बाजूविषयी. सगळे खेळ एका माळेचे मणी नव्हेत. 'क्राइम ओ'क्लॉक' किंवा 'मायक्रोमॅक्रो' एकदा विकत घेतले की झाले. मोबाइलवरचे पुष्कळसे शोधाशोधीचे खेळ मात्र फुकट मिळतात आणि पुढे पैसे मागतात. 'क्रिमिनल केस' सारख्या खेळात प्रत्येक चित्र खेळायला 'शक्ती' खर्च होते. ती संपली की एक तर थांबायचे, नाहीतर पैसे देऊन घ्यायची. तपास ऐन रंगात येतो आणि शक्ती संपते, ही त्या खेळांबद्दल खेळणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. मोठ्या माणसाला थांबवत नाही, तर लेकराला कसे थांबवेल? म्हणून फोनच्या प्ले स्टोअरमध्ये दर खरेदीआधी पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था करून ठेवावी, यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये, आणि पैसे आपोआप कापले जाण्याची, म्हणजे ऑटोपेची, कोणती परवानगी दिलेली आहे का, हे अधूनमधून तपासावे. कापूस विकून आलेला पैसा ज्या खात्यात आहे, ते खाते मुलांच्या खेळाच्या फोनला जोडूच नये, हे सर्वांत बरे.

यांहून अगदी निराळे आहेत ते पैसे लावून खेळायचे खेळ, रमी आणि तत्सम. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून असे ऑनलाइन पैशाचे खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, बंद केले आहेत. त्यांची जाहिरात करायलाही मनाई आहे. चित्रात चोर शोधणारे पोर आणि पैसे लावून पत्ते खेळणारा तरुण यांना एकाच काठीने हाकू नये. आणि फोनवरून कोणी फसवून पैसे काढून घेतलेच, तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर, तितका पैसा दूर.

डोळ्यांविषयीही दोन शब्द. नानांची तक्रार खरी आहे. दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून वीस फुटांपलीकडच्या एखाद्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा साधा नियम मुलांना लावावा. अंगणातला कडुनिंब त्याला पुरेसा आहे.

घरच्या घरी करा

शेवटी एक सुचवतो. हा खेळ विकत घ्यायलाच हवा असे नाही. पिशव्यांचा जाड कागद किंवा जुन्या दिनदर्शिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू चिकटवून एक मोठा ताव करावा. त्यावर पोरांना गावचा आठवडे बाजार काढू द्यावा. भाजीच्या पाट्या, भांड्यांची दुकाने, शेवेची गाडी, वांग्यांचे ढीग, बैलगाड्या, एस. टी. आणि पुष्कळ माणसे. मग एक चोर ठरवावा. समजा त्याने कोणाची शेळी पळवली. तो चोर आणि ती शेळी बाजारात निदान पाच-सहा ठिकाणी काढावीत: आधी दावणीजवळ, मग पाट्यांच्या आड, मग पुलाखाली, अशी. शेळीच्या गळ्यातली घंटा एका ठिकाणी पडलेली दाखवावी. एखाद्या निरपराध माणसाच्या हातातही शेळी द्यावी, म्हणजे घाईने बोट दाखवणारा फसेल. चित्र काढणाऱ्याने उत्तर सांगायचे नाही. बाकीच्यांनी माग काढायचा आणि नुसते 'हा चोर' म्हणून भागायचे नाही, तर 'हा चोर, कारण असे असे' म्हणून पटवायचे. तो 'कारण' शब्द आला नाही तर गुण नाही.

या शेवटच्या अटीतच सारे सार आहे. आठवीतल्या त्या मुलाला खेळात जे उणे वाटले, ते त्याने या कागदावर आपले आपण भरून काढले. दिवाळीनंतर त्याने जो बाजार काढला, त्यातला चोर जिजींनाही लवकर सापडला नाही, आणि सापडल्यावर त्यांनी दिलेले कारण त्याने ठरवलेल्या कारणाहून सरस निघाले. घरात दोन दिवस त्यावर वाद चालला. पडद्यावरच्या खेळाने इतके बोलते केले नव्हते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, मुले शोधाशोधीचे खेळ खेळत असतील तर एकदम रागे भरू नका. जवळ बसा, आपणही बोट लावा, आणि एवढेच विचारा: "तुला हा चोर का वाटतो?" आणि उद्या सकाळी त्याच पोराला बरोबर घेऊन वावरात जा, एक लाल पान उलटा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.

पुढील अंकी तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळ्यांचा असाच तपास करू. तोपर्यंत ज्या घरी नोंदवही नाही त्यांनी ती आणून ठेवावी, आणि पहिल्या पानावर आजची तारीख घालावी.